गच्चीवर अनार बनवायचा विचार करणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्याला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय रसायनशास्त्र, घर नागपूरच्या महाल भागात. अमेरिकेतले हौशी लोक स्वतःच्या हाताने अनार, रॉकेट आणि आकाशात फुटणारे गोळे बनवतात, ते व्हिडिओ पाहून तुलाही ही कला शिकायची आहे. सुरुवात म्हणून घराच्या गच्चीवर एक छोटा अनार करावा असं मनात आहे. रसायनं कोणती, प्रमाण किती, घरातला जुना मिक्सर चालेल का आणि पुढे यात काही करता येईल का, हे तू विचारलं आहेस.

आधी मिक्सरचं सांगतो, कारण त्यात बाकीची बरीच उत्तरं येतात. मिक्सर चालणार नाही, कधीच नाही. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात आणि मोटर फिरताना तिथे सतत बारीक ठिणग्या पडतात. अंधारात मोटरच्या फटीतून पाहिलंस तर त्या डोळ्यांना दिसतात. वर भांड्यात पातं पावडरीवर घासतं आणि प्लॅस्टिकच्या झाकणावर स्थिर विद्युत साठते. भांडं पुन्हा चारही बाजूंनी बंद. म्हणजे ठिणगी, घर्षण, स्थिर विद्युत आणि कोंडमारा असे पेट घ्यायला लागणारे चारही रस्ते त्या एका भांड्यात एकत्र येतात. खल-बत्त्याला मोटर नसते, पण त्याचं कामच घासणं आणि ठोकणं आहे, त्यामुळे त्याचंही उत्तर तेच.

आता प्रमाणाचा प्रश्न. प्रमाण मी देणार नाही आणि ज्याला या कामाचा अनुभव आहे असा कोणीही तुला ते देणार नाही. शोभेच्या दारूत जळणारा पदार्थ आणि त्याला लागणारा प्राणवायू पुरवणारा पदार्थ एकमेकांना चिकटून बसलेले असतात. लाकडाच्या आगीवर ओलं पोतं टाकलं की हवा तुटते आणि आग विझते. इथे हवा बाहेरून यावीच लागत नाही, म्हणून पोतं, वाळू, झाकण यांपैकी कशानेही गुदमरवून ती विझत नाही. दुसरं असं की चिमूटभर मिश्रण उघड्यावर फुस्स करून जळतं, पण तेच मूठभर झालं किंवा कागदात आवळून बांधलं गेलं की वायू बाहेर पडायच्या आत दाब वाढतो, दाबाबरोबर जळण्याचा वेग वाढतो आणि जळणं संपून फुटणं सुरू होतं. किती चिमटींनंतर हे होईल, ते पावडरीच्या बारीकपणावर, ओलाव्यावर आणि भांड्यावर ठरतं. ‘थोडं करून पाहिलं, काही झालं नाही’ हा अनुभव त्यामुळे पुढच्या खेपेसाठी काहीच कामाचा नाही. या धंद्यात हात गेलेली जी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याकडे हा अनुभव भरपूर होता.

काही जोड्या तर कारखान्यातही चालत नाहीत. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांचं मिश्रण इतक्या हलक्या घर्षणाने पेटतं की भारतात १९९२ पासून फटाक्यांसाठी त्यावर बंदी आहे. जुन्या पाककृती, विशेषतः शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर फिरतात, त्यांत अशा जोड्या सर्रास सापडतात. ते वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो.

कायद्याचं मी स्पष्टच लिहितो, कारण तुझ्या वयाच्या बऱ्याच पोट्ट्यांना वाटतं की विकलं नाही तर चालतं. चालत नाही. स्फोटक अधिनियम, १८८४ आणि त्याखालचे स्फोटक नियम, २००८ यांच्यानुसार शोभेची दारू हेही स्फोटकच आहे आणि ती बनवायला परवाना लागतो. हौस म्हणून त्यातून सूट नाही. विनापरवाना बनवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संशयास्पद परिस्थितीत स्फोटक पदार्थ बाळगल्याचं पोलिसांना वाटलं तर १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागतो, आणि तो फार कडक आहे. महालातल्या दाटीवाटीच्या वस्तीत गच्चीवर पावडरींचे डबे सापडले, तर ‘मी अनार करत होतो’ या उत्तरावर प्रकरण मिटेल असं धरून चालू नकोस.

मग अमेरिकेतल्या लोकांना कसं चालतं? तिथे स्वतःच्या वापरासाठी, जागच्या जागी बनवायला केंद्रीय कायद्यात काही मोकळीक आहे. ती वस्तू रस्त्यावरून न्यायची तर परवाना लागतो आणि राज्याराज्यांचे नियम पुन्हा वेगळे. तुला व्हिडिओत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या मागे असलेले क्लब. वस्तीपासून दूर मोकळं रान असतं, नवख्याच्या शेजारी जुना माणूस उभा असतो, एका वेळी हाताळायच्या वजनावर मर्यादा असते. सहा मिनिटांच्या व्हिडिओत यातलं काही येत नाही. टेबलावर फक्त हात आणि पावडर दिसते.

आपल्याकडे हे काम किती कठीण आहे, हे नागपूरकराला लांबचं उदाहरण देऊन सांगायची गरज नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किमान आठ जण गेले. ही प्रशिक्षित माणसं होती, परवाना असलेल्या आणि तपासणी होणाऱ्या जागी काम करत होती. ही बातमी आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत थेट पोहोचली, ते बाजारगावच्या आसपासच्या गावांत विचारून बघ.

इतकं सगळं सांगून मी तुला परत पाठवत नाहीये. उलट, तू ज्या शहरात राहतोस तिथे हा विषय शिकायची जी सोय आहे ती देशात दुसरीकडे क्वचितच असेल. देशभरातल्या स्फोटकांचे परवाने आणि सुरक्षा पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. ही संघटना १८९८ पासून काम करते आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सिव्हिल लाइन्सकडे, राजनगरला आहे. आणि ज्यांना आपण ‘ग्रीन फटाके’ म्हणतो ते विकसित करण्याचं काम वर्धा रोडवरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालं. पुस्तकात वाचायच्या गोष्टी तुझ्या बसच्या अंतरावर आहेत.

शोभेच्या दारूचं नव्वद टक्के ज्ञान पावडरीला हात न लावता मिळतं, आणि चांगल्या कारागिराला वाईट कारागिरापासून वेगळं करणारं ज्ञान नेमकं तेच आहे. कुठून सुरुवात कर, ते सांगतो.

दुकानातली साधी फुलझडी घे. मोबाईलवर स्लो मोशन लाव, मागे काळा कपडा टांग आणि हाताने न धरता वाळूच्या बादलीत उभी करून पेटव. ठिणगी तारेपासून निघते तेव्हा सरळ रेघ असते, आणि थोडं अंतर गेल्यावर ती अचानक फाटते, तिला फांद्या फुटतात. ही ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता, वितळलेला कण. लोखंडात थोडा कार्बन असतो. कण हवेतून जाताना त्या कार्बनचा वायू होतो, वायूला बाहेर यायला जागा नसते आणि थेंब आतून फुटतो. हे खरं आहे का ते तपासायचं असेल तर इतवारीत लोहा ओळीच्या बाजूला एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा आणि ग्राइंडरवर साध्या लोखंडाची पट्टी आणि जुनी कानस आळीपाळीने लावायला सांग. पट्टीच्या ठिणग्या लांब आणि बहुतेक सरळ जातील. कानशीत कार्बन जास्त, म्हणून तिच्या ठिणग्या झाडासारख्या फांद्या फोडत जातील. वर्कशॉपमधले जुने कामगार याच खुणेवरून लोखंडाची जात ओळखतात. अनारातला सोनेरी पिसारा आणि रुपेरी पिसारा यांत फरक का पडतो, याचं निम्मं उत्तर तुला तिथेच मिळेल. कोळसा आणि लोखंड तुलनेने कमी तापमानाला जळतात, म्हणून नारंगी-सोनेरी दिसतात. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम फार तापतात, म्हणून पांढरे. आणि हो, ग्राइंडरजवळ चष्मा लावूनच उभा राहा. फुलझडी जळून गेली की तार पाण्याच्या बादलीत टाक. विझलेली दिसली तरी ती बराच वेळ चामडी सोलवटेल इतकी तापलेली असते, आणि दिवाळीत लहान मुलांचे पाय भाजतात ते बहुतेक याच तारांनी.

रंगांसाठी कॉलेजची प्रयोगशाळा आहे. ज्योत-परीक्षा तू पहिल्या वर्षी केली असशील, पण ती क्षार ओळखण्यासाठी. आता सरांची परवानगी घेऊन तीच परीक्षा रंगासाठी कर. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळसर-हिरवा, सोडियमचा पिवळा. जुन्या सीडीचा तुकडा आणि बुटाचं खोकं यांतून वर्णपटदर्शक बनव आणि त्यातून प्रत्येक ज्योत बघ. सोडियमची ५८९ नॅनोमीटरची पिवळी रेघ तुला सगळीकडे दिसेल, तू सोडियम घातलेलं नसलं तरी. बोटाचा घामसुद्धा तिला पुरतो. आतषबाजीत लाल तारा नारंगी का होतो, हिरवा मळका का दिसतो, याचं एक मोठं कारण ही पिवळी रेघ आहे. स्वच्छ रंग म्हणजे स्वच्छ कच्चा माल.

निळ्याकडे जरा जास्त लक्ष दे. आतषबाजीत सगळ्यांत अवघड रंग निळा. तो तांब्याच्या अणूपासून सरळ मिळत नाही. ज्योतीत तांबं आणि क्लोरीन मिळून तयार होणारा कॉपर क्लोराइडचा नाजूक रेणू तो प्रकाश देतो. ज्योत जास्त तापली की रेणू तुटतो आणि निळा फिकट पडतो. ज्योत थंड ठेवली तर उजेड कमी पडतो. या दोन टोकांच्या मधली पट्टी फार अरुंद आहे. म्हणून पुढच्या वेळी मोठ्या कार्यक्रमात आकाशातला निळा खरोखर गडद आणि तरीही उजळ दिसला, तर त्या माणसाला काम येतं असं समज. मी स्वतः कुठलाही शो बघताना आधी निळाच बघतो.

बेरियमचं नाव आलं म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात फटाक्यांतल्या बेरियमच्या क्षारांना आणि जोडलेल्या लडींना मनाई केली. हिरवा रंग आणि स्वस्त फुलझड्या या दोन्हींचा आधार बेरियम नायट्रेट होता, त्यामुळे सगळ्या उद्योगाला रचना बदलावी लागली. ‘नीरी’ने केलेल्या कामाचा गाभा तिथे आहे: काही पदार्थ वगळायचे, ॲल्युमिनियम कमी करायचं, धूळ खाली बसवणारे घटक घालायचे आणि धुळीचं प्रदूषण किमान ३० टक्के कमी करायचं. हे फटाके धूरमुक्त नाहीत, तसा दावाही नाही. खोक्यावर हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. नुसतं चिन्ह छापलेला नकली मालही बाजारात येतो, म्हणून कोड स्कॅन करून बघायची सवय लाव. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्प करायचा तर यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. कमी विषारी हिरवा रंग कसा मिळेल, यावर जगभर काम चालू आहे.

यानंतर आकाशातला गोळा. त्याला शेल म्हणतात. जमिनीवर पक्क्या बसवलेल्या नळीतून तो वर उडतो, उडतानाच त्याच्या आतली वेळेची वात पेटते, शिखराला पोहोचता पोहोचता पोटातली दारू फुटते आणि रंगाचे तारे चहूकडे फेकले जातात. कागदाच्या कवचात तारे जसे मांडले असतील तशी आकृती आकाशात उमटते. हे मोजायला शिक. शो बघताना मोबाईल स्थिर ठेवून रेकॉर्ड कर, घरी येऊन उजेड आणि आवाज यांतलं अंतर फ्रेम मोजून काढ. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. अंतर ०.६ सेकंद निघालं तर शेल तुझ्यापासून सुमारे २०६ मीटरवर फुटला. मान वर करण्याचा कोन ३० अंश असेल तर उंची सुमारे १०३ मीटर. तीन इंच व्यासाचा शेल साधारण एवढ्याच उंचीवर फुटतो. दोन-तीन कार्यक्रमांनंतर तू आवाजावरून शेलचा आकार सांगायला लागशील.

याच हिशेबातून सुरक्षित अंतर येतं. अमेरिकेतलं प्रचलित मानक शेलच्या दर इंचाला ७० फूट मोकळी जागा मागतं. म्हणजे तीन इंचाला २१०, सहा इंचाला ४२० फूट, सगळ्या बाजूंनी. आता आपल्याकडच्या लग्नाच्या लॉनची लांबी-रुंदी डोळ्यांसमोर आण. बहुतेक ठिकाणी तीन इंचसुद्धा बसत नाही. वऱ्हाडी मंडळी ‘मोठं काहीतरी उडवा’ म्हणतात, तेव्हा नाही म्हणणारा माणूस ज्याच्याकडे असेल तोच खरा आतषबाज. केरळात पुट्टिंगल देवळात एप्रिल २०१६ मध्ये परवानगी नसताना आतषबाजीची स्पर्धा झाली, साठवलेल्या मालाला आग लागली आणि शंभरहून जास्त माणसं गेली. तिथेही माल आणि गर्दी यांच्यातलं अंतर हाच कळीचा प्रश्न होता.

म्हणून तुझी प्रत्यक्ष शिकवणी मैदानावर व्हायला हवी. नागपूरला दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवर रावणदहन होतं, शहरात आणि आसपास इतर ठिकाणीही होतं, आणि मग लग्नसराई. परवाना असलेल्या आतषबाजाकडे मदतनीस म्हणून जा. पहिलं वर्षभर तुला पेटवायला मिळणार नाही आणि मिळायलाही नको. तू वाळूची पोती उचलशील, नळ्या सरळ उभ्या आहेत का ते ओळंब्याने बघशील, दोऱ्या बांधशील, वायरींवर नंबर चिकटवशील. सुती कपडे घाल. नायलॉन-पॉलिस्टर चालत नाही. एक तर ते अंगाला वितळून चिकटतं, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत स्थिर विद्युतही साठवतं. भरलेल्या नळीच्या तोंडावर डोकं, हात, शरीराचा कुठलाही भाग कधीच आणायचा नाही, ती विझलेली वाटत असली तरी. न उडालेल्या नळीजवळ आम्ही किमान अर्धा तास जात नाही. हा अर्धा तास फार लांब वाटतो, आयोजक मागे लागतात, माईकवरून नाव घेतात. जायचं नाही.

मैदानावरचं सर्वांत महत्त्वाचं काम शो संपल्यावर सुरू होतं आणि ते कोणी व्हिडिओत दाखवत नाही. रात्री बॅटरी घेऊन एकदा आणि पहाटे उजाडल्यावर पुन्हा एकदा, माणसांनी ओळ धरून सगळं मैदान पायाखाली घालायचं. काळपट कागदाच्या कवचांत कुठे अख्खा, वजनदार गोळा दिसतो का ते बघायचं. तो सापडला तर हात लावायचा नाही. जागा आखायची आणि मुख्य माणसाला बोलवायचं. पहाटे का? कारण सकाळी सात-साडेसातला आजूबाजूची पोरं मैदानावर पोहोचतात. आपल्या गल्ल्यांत पाडव्याच्या सकाळी पोट्टे फुसके फटाके वेचतात, सोलून दारू वर्तमानपत्रावर काढतात आणि काडी लावतात. तू हे लहानपणी केलं असशील, पाहिलं तरी नक्कीच असशील. त्या कागदावर पाच कंपन्यांचे पाच प्रकारचे पदार्थ एकत्र झालेले असतात आणि तोंड त्यावर वाकलेलं असतं. तुझ्या गल्लीत हे दिसलं तर थांबव. फुसके फटाके पाण्याच्या बादलीत रात्रभर भिजत घालायला लाव.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, वर काही न टेकवता झाकून सरळ दवाखाना.

तालावर आतषबाजी बसवणं हा वेगळाच आनंद आहे आणि तो तुला आजच घेता येईल. संगणकावर शोची रचना करणारी सॉफ्टवेअर आहेत. त्यांत शेल वर जायला किती सेकंद लागतात ते धरून, गाण्याच्या ठेक्यावर तो फुटेल असा आधी सोडावा लागतो. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि एलईडीचे दिवे घेऊन हीच मांडणी टेबलावर कर. दारूचा कण नसताना तुला कळेल की दोन फुटण्यांमधला काळोख किती वेळ ठेवायचा. नवशिके आकाश भरून टाकतात आणि धुरातच पुढचं सगळं बुडवतात. थंडीच्या रात्री फुटाळा तलावाच्या काठी वारा पडलेला असताना धूर कसा जागेवरच लोंबकळतो ते बघ, म्हणजे रचनेत विश्रांती कुठे हवी ते समजेल.

पुढे काही करता येईल का, या प्रश्नाचं उत्तर हो आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. किंवा रासायनिक अभियांत्रिकी केलीस तर ‘पेसो’तल्या स्फोटक उपनियंत्रकांची पदं केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. पुण्यात डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. शिवकाशीत ‘पेसो’चं फटाक्यांचं संशोधन केंद्र आहे. अग्निशमनात जायचं तर महाविद्यालय तुझ्या शहरातच आहे. आणि शेवटी स्वतःच्या हाताने बनवायचंच असेल तर त्यालाही कायदेशीर वाट आहे: एका वेळी १५ किलोपर्यंत शोभेची दारू बनवण्याचा परवाना जिल्हा प्रशासनाकडून मिळतो, त्याहून मोठं काम ‘पेसो’कडे जातं. त्यासाठी वस्तीपासून अंतर राखलेली जागा, नियमात बसणारी शेड आणि जाणकार माणूस दाखवावा लागतो. महालातली गच्ची त्यात बसत नाही, वडिलोपार्जित शेताचा कोपरा कदाचित बसेल. हे पाच-सात वर्षांनंतरचं बोलतोय.

तोपर्यंत ज्याच्या हाताखाली शिकायला जाशील त्याला पहिल्याच भेटीत परवाना दाखवायला सांग, आणि माल ठेवायची जागा बघायला माग. काका-दादा करून नम्रपणे विचार, पण विचार. चांगला माणूस दोन्ही गोष्टी आनंदाने दाखवतो, वर दारातच तुझा मोबाईल आणि काडेपेटी बाहेर ठेवायला लावतो. ज्याने टाळाटाळ केली किंवा साठ्याच्या खोलीत तोंडात विडी घेऊन उभा राहिला, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस.